"जरा डिकी दाखवता का?" हा प्रश्न असतो की हुकूम?

कोपरीकर (रविवार, सकाळी ९.१२)

काल रात्री वाशीहून मावसभावाच्या साठीचा कार्यक्रम आटोपून परत येत होतो. मी, बायको आणि मागच्या सीटवर आई. पावणेबारा झाले असतील. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून सुखरूप निघालो (पावसाळ्यात ही बातमीच आहे), तर कळवा नाक्याच्या अलीकडे नाकाबंदी. बॅरिकेड तिरके लावून एकेक गाडी नागमोडी सोडत होते.

शिपाई तरुण होता, बोलायला चांगला. लायसन्स, आरसी मोबाइलवर दाखवलं. त्याने टॉर्च मागे फिरवला, आई दचकली तर "झोपा आजी, झोपा" म्हणाला. मग खिडकीवर हात टेकून, "साहेब, जरा डिकी दाखवता का?"

मी उतरलो, उघडली. आत स्टेपनी, आईची घडीची खुर्ची, उरलेल्या पेढ्यांचा पुडा आणि बायकोची ऑफिसची पर्स. (हातात समारंभाचा बटवा होता, म्हणून ही डिकीत.) त्याने खुर्ची हलवली, पेढे हुंगले आणि पर्सची चेन ओढली. टॉर्च दातात धरून एकेक वस्तू काढून ठेवायला लागला. डब्याचा चमचा, लोकलचा पास, गोळ्यांचं पाकीट, रबरबँड लावलेली कागदांची एक चळत. दोन मिनिटांत "जाऊ द्या साहेब." पैसे मागितले नाहीत, आवाज चढवला नाही. तक्रार करावी असं काही घडलं नाही.

घरी पोचेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. सकाळी चहा देताना म्हणाली, "विचारलं त्याने तुला, हो म्हणालास तू आणि उघडली माझी पर्स. तू कोण हो म्हणणारा?"

तर जाणकारांनो : मी नाही म्हणू शकलो असतो का? मी डिकी उघडली म्हणजे संमती दिली असं होतं का? आणि ती संमती पर्सला लागू होते का?

'पोलिसांशी पंगा नको' हे सासऱ्यांनी सांगून झालंय, ते पुन्हा नको.

पामबीचवाला (९.२०)

जागा धरून बसलो. पॉपकॉर्न कोण आणतंय?

बोंबील (९.३१)

कसला कायदा नि कसलं काय. मी करंजाहून येताना सुके बोंबील आणि जवळा घेऊन येतो. मागच्या महिन्यात उरण फाट्याला अडवलं. डिकी उघडली, तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "दादा, आधी बंद करा." तेव्हापासून एक पुडकं कायम गाडीत असतं.

सानपाड्याची_सून (९.४४)

वहिनींशी शंभर टक्के सहमत. आणि धागाकर्ते, तिन्ही प्रश्न तुम्ही पोलिसाबद्दल विचारलेत. तिने विचारलेला तुमच्याबद्दल आहे. त्याचं उत्तर इथे मिळायचं नाही.

पामबीचवाला (९.४६)

धागा पहिल्या तासातच घरात शिरला.

रात्रपाळी (१०.०५)

वाचून हसू आलं. 'दाखवता का' म्हणाला? वर 'साहेब' पण?

मी घोडबंदर रोडला रात्री जेवण पोचवतो. मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यात आठवड्यातून दोनदा तरी थांबवतात. आजवर मला कुणी विचारलेलं नाही. बाईक थांबली की बॅगेची चेन त्यांच्या हातात. परवा एकाने बिर्याणीचा डबा उघड म्हणून सांगितलं. सील तोडलं की कस्टमर ऑर्डर घेत नाही आणि पैसे माझ्या खात्यातून जातात. मी म्हटलं, साहेब सील आहे, वास घ्या. त्याने खरंच नाक लावलं आणि सोडलं.

तुमचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणत नाही. पण संमतीचा प्रश्न पडायला आधी समोरच्याने विचारावं तरी लागतं.

काळा_कोट (११.३०)

रविवारी फुकट सल्ला देतोय म्हणून घरचे ओरडतायत, तरी लिहितो. ठाणे कोर्टात अठरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला अशिलापेक्षा पाहुण्यांनीच जास्त वेळा विचारलाय.

मोटार वाहन कायदा (१९८८) आधी बाजूला काढू. गणवेशातल्या पोलिसाने इशारा केला की थांबायचं, मागितलं की लायसन्स दाखवायचं. आरसी, विमा, पीयूसी पण आलं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं चालतं. दारूचा संशय असेल तर फुंकायचं. रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कलम १८५. फुंकायला नकार दिलात आणि संशयाला कारण असलं, तर त्यासाठीच विनावॉरंट अटक होऊ शकते. म्हणजे फुंकणं ऐच्छिक नाही, हे नीट लक्षात ठेवा. नाहीतर हा धागा वाचून कुणीतरी पाम बीच रोडला 'माझी संमती नाही' म्हणायचा आणि रात्री दोन वाजता मला फोन करायचा.

पण या कायद्यात डिकी नाही. पोलिसाला स्वतःहून झडती घ्यायची तर ते येतं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली. (आकडा तोच, कायदा वेगळा. हे जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, १६५. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून.) तिथे अटी आहेत : ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी हवा, विशिष्ट गुन्ह्याच्या तपासाशी संबंधित वस्तू तिथे सापडेल असं मानायला सबळ कारण हवं, ते कारण आधी लिहून काढायला हवं, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. आता झडतीचं मोबाइलवर चित्रीकरणही बंधनकारक केलंय. कळव्याला पावणेबारा वाजता यातलं काय झालं? काहीच नाही. सगळ्या गाड्यांना सरसकट 'डिकी उघडा' म्हणणं या कलमात बसत नाही.

गंमत म्हणून सांगतो. जुन्या सीआरपीसीत 'जागा' या शब्दाची व्याख्या होती : घर, इमारत, तंबू, वाहन आणि जहाज.

पामबीचवाला (११.३४)

म्हणजे ठाण्यात माझ्या नावावर एक जागा आहे म्हणायची! वॅगनआर, चार बाय पाच फूट कार्पेट, पार्किंग नाही.

सानपाड्याची_सून (११.३६)

ओसी मिळाली का?

काळा_कोट (११.५२)

चालू द्या. मी पुढचं लिहितो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

समजा झडती बेकायदा झाली आणि डिकीत काही सापडलं, तर पुरावा बाद होतो का? सिनेमे बघून लोकांना वाटतं, होतो. आपल्याकडे होत नाही. १९७४ च्या पूरणमल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुरावा प्रकरणाशी संबंधित असला, तर तो कसा मिळाला एवढ्यावरून फेकून देता येणार नाही. त्याच्याही आधी १९५४ ला, एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्ती म्हणाले होते की अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे तसं झडतीविरुद्धचं कलम आपल्या घटनेत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, १९५४ चा निकाल त्यापुरता मोडीत निघाला. पण पुराव्याचं गणित नाक्यावर फारसं बदललेलं नाही.

अपवाद अमली पदार्थांचा. एनडीपीएस कायद्याचं कलम ५०. अंगझडती घ्यायची तर 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे' हे त्या माणसाला सांगावंच लागतं. १९९९ ला बलदेव सिंग आणि २०१० ला जडेजा, दोन्ही वेळा घटनापीठाने हे घट्ट केलं. तेवढं सांगायचं राहिलं म्हणून किलोभर माल सापडलेले आरोपी सुटतात. पण हे फक्त अंगावरच्या झडतीला. हातातल्या बॅगेला लागू नाही, हे २००५ च्या पवनकुमार निकालात आलं.

म्हणजे कोपरीकर, आपल्याकडे 'संमती दिली होती का' यावर कोर्टात भांडण क्वचितच रंगतं. पुरावा तसाही टिकणार असेल, तर संमतीवर डोकं कोण फोडणार? रात्रपाळी यांच्या प्रतिसादाचं मूळ इथे आहे. विचारलं काय, न विचारलं काय, पुढे फरक पडत नाही. म्हणून विचारत नाहीत.

रात्रपाळी (१२.१५)

समजलं. वास घेण्याचं कलम राहिलं.

खाकीतून_निवृत्त (दुपारी २.४०)

जेवून, वामकुक्षी बुडवून लिहितोय. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी रस्त्यावर गेली.

आधी एक दुरुस्ती. पांढरा शर्ट म्हणजे ट्रॅफिक. रात्रीची नाकाबंदी बहुतेक ठाण्याची असते. (पोलीस ठाण्याची. कोटी करणाऱ्यांनी आवरावं.) त्यामुळे मोटार वाहन कायद्यात काय आहे हे तिथे अपुरं पडतं. गुन्हा होऊ न देणं हेही आमचं काम आहे, वकीलसाहेबांनी ते कलम सांगितलं नाही.

आणि सगळ्यांनी एक आठवावं. २६ नोव्हेंबर २००८, गिरगाव चौपाटी. नाकाबंदीवर गाडी अडली म्हणून कसाब जिवंत हाती लागला. तुकाराम ओंबळे हातात फक्त काठी घेऊन पुढे गेले. तो माणूस आणि ते बॅरिकेड नसते तर काय झालं असतं? तेव्हा 'साहेब, कलम दाखवा' म्हणायचं का?

रात्री दहा ते सकाळी चार रेनकोटमध्ये उभं राहा. शंभरातल्या नव्व्याण्णव डिक्यांत स्टेपनी आणि कपडे निघतात. एकात तलवार निघते. मी दोनदा काढलीय. त्या एकीच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं.

येऊरकर (३.०५)

काका, ओंबळ्यांबद्दल पूर्ण आदर. पण त्या रात्री चौपाटीवर गाड्यांच्या डिक्या तपासणं चालू नव्हतं. चोरलेल्या स्कोडाचा संदेश कंट्रोल रूमवरून आला होता. कुठली गाडी अडवायची हे त्यांना माहीत होतं. सबळ कारण म्हणतात ते हेच. हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, काळ्या कोटवाल्यांच्या बाजूचं आहे.

खाकीतून_निवृत्त (३.२२)

बॅरिकेड आधी असेल तरच संदेशाचा उपयोग होतो ना बाळा.

येऊरकर (३.२५)

बॅरिकेडला कुणाचाच विरोध नाही. पर्सला आहे.

काळा_कोट (३.५०)

काका म्हणतात ते नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम १६८. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलिसाने मध्ये पडावं, एवढं त्यात आहे. झडतीचा शब्द नाही. पण काका, तुमच्या तलवारी मी कोर्टात पाहिल्यात, त्या टिकल्या. आधी सांगितलं त्याच कारणाने.

मित्राचा_मित्र (४.१०)

माझा एक मित्र गोव्याहून येतोय. त्याच्या डिकीत 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेल्या सहा बाटल्या आहेत. पनवेलला अडवलं तर त्याने संमती द्यावी का?

काळा_कोट (४.१३)

मित्राला सांगा कणकवलीत आत्या असेल तर तिकडे उतर.

बोंबील (४.१५)

माझ्याकडून एक पुडकं घेऊन जा म्हणावं.

एडिसनकर (रात्री ९.३०)

मूळचा नौपाड्याचा, आता न्यू जर्सीत. धागा वाचून राहवलं नाही, कारण कोपरीकरांच्या बायकोने विचारलेला प्रश्न इथल्या संमतीवरच्या एका गाजलेल्या खटल्याच्या पोटात दडलेला आहे.

श्नेकलॉथ विरुद्ध बुस्टामाँटे, १९७३. कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल, रात्रीचे पावणेतीन. एका गाडीचा एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद होता म्हणून पोलिसाने अडवली. आत सहा जण. लायसन्स फक्त अल्काला नावाच्या माणसाकडे. गाडी माझ्या भावाची, तो म्हणाला. पोलिसाने विचारलं, बघू का गाडी? अल्काला म्हणाला, बघा की. स्वतः डिकी उघडून दिली, समोरचा कप्पा उघडून दिला. मागच्या सीटखाली चुरगाळलेले तीन चोरीचे चेक सापडले. शिक्षा कुणाला? बुस्टामाँटेला. हो म्हणाला एक, अडकला दुसरा. कोर्टाने ठरवलं की संमती स्वेच्छेची होती का हे सगळी परिस्थिती बघून ठरवायचं. 'तुम्ही नाही म्हणू शकता' असं पोलिसाने आधी सांगायलाच हवं असं नाही.

म्हणजे मोठा हक्क आहे, आणि तो आहे हे सांगायचं बंधन नाही. नंतर १९९१ च्या जिमेनो खटल्यात गाडी बघायला हो म्हटलं तर आतली कागदी पिशवीही उघडता येते असं आलं, कारण साध्या माणसाला त्या 'हो'चा अर्थ तसाच लागला असता. वहिनींनी हे वाचू नये.

पण आमचं राज्य जरा निराळं. न्यू जर्सी टर्नपाइकवर काळ्या लोकांच्याच गाड्या जास्त अडवतात, यावरून नव्वदच्या दशकात मोठं रामायण झालं. इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ लाच सांगितलं होतं की नकार देता येतो हे त्या माणसाला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करावं. २००२ ला कार्टी खटल्यात त्याच्या पुढे गेले : रस्त्यात अडवलेल्या गाडीची संमती *मागायलासुद्धा* आधी संशयाला काही ठोस कारण हवं. उगाच विचारायचंही नाही.

माझा अनुभव सांगतो. गणपतीच्या आदल्या रात्री मागचा दिवा गेलेला म्हणून अडवलं. डिकीत थर्माकोलचं मखर, वर चादर. ट्रूपरने (म्हणजे इथल्या राज्य पोलिसाने) चादरीकडे बघून विचारलं, काय आहे, बघू शकतो का? मला कार्टी-बिर्टी सगळं पाठ. तोंडातून 'नाही' निघालं तेव्हा आवाज असा चिरकला की बायको हसली. तो "ठीक आहे" म्हणाला, दिव्याचं तिकीट दिलं आणि गेला. पुढचे तीस मैल मी पंचावन्नच्या वर गेलो नाही.

येऊरकर (९.५२)

म्हणजे हक्क असून, पाठ असून, हा माणूस घाबरला. कळव्यात काय होणार.

सानपाड्याची_सून (१०.०१)

अल्काला : बघा की. बुस्टामाँटे : 🙂

मराठीचा_मास्तर (सोमवार, सकाळी ७.१५)

शीर्षकातल्या प्रश्नावर कुणीच लिहिलं नाही म्हणून.

'दाखवता का' हे व्याकरणाने प्रश्नार्थक, पण मराठीत वर्तमानकाळ अधिक 'का' हा आज्ञेचाच सभ्य अवतार आहे. "बाळ, जरा पाणी आणतोस का?" याला 'नाही' असं उत्तर देऊन बघा. 'जरा' हा शब्द त्यात शिक्क्यासारखा बसतो. काम जितकं मोठं तितका 'जरा' हमखास. "जरा बाजूला या", "जरा सही करता का". खरा प्रश्न विचारायचा असता तर तो म्हणाला असता, "डिकी बघितली तर चालेल का?" तिथे 'नाही चालणार' म्हणायला जागा आहे. 'दाखवता का'मध्ये तुम्ही दाखवणार हे गृहीत आहे. वेळ तेवढी विचारलीय.

म्हणून कोपरीकर, तुमचं ते 'हो' हे उत्तर नव्हतं. मुळात तुम्ही 'हो' म्हणालात असं तुम्ही लिहिलेलंच नाही. "मी उतरलो, उघडली," एवढंच लिहिलंय.

कोपरीकर (७.४०)

मास्तर, चहाचा घोट अडकला. खरंच, मी तोंडाने काहीच बोललो नव्हतो.

काळा_कोट (८.०५)

गप्प राहून आज्ञा पाळणं म्हणजे संमती नव्हे, हे अमेरिकेतही मानतात. मास्तर, कोर्टात या. साक्षीदारांची उलटतपासणी तुम्ही घ्या, मी फाइल धरतो.

अडत्या (११.२०)

वाशी मार्केटचा माणूस. निवडणुकीच्या दिवसांबद्दल कुणी बोललं नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, त्याआधी महिनाभर जागोजागी पथकं. आमचा धंदा रोखीचा. कांद्याची गाडी उतरली की हमालाला, वाराईला रोख लागते. ५०,००० च्या वर रोकड असली की कागद मागतात. त्यांच्याकडे कॅमेरावाला असतो, चित्रीकरण करतात, पावती देतात. मला दोन तास बसवलं, बँकेची स्लिप दाखवली, मोजून परत केले. राग आला, पण नियम काय ते फलकावर लिहिलेलं होतं. त्यामुळे भांडायला तरी जागा होती. इतर वेळी नाक्यावर काय शोधतायत हेच कळत नाही.

अवांतर : खाकीतून_निवृत्त काका, तुम्ही एपीएमसी चौकीला होता का? लिहिण्याची ढब ओळखीची वाटते.

खाकीतून_निवृत्त (१२.०२)

होतो. तुमचा टेम्पो डबल पार्किंगला असायचा.

पामबीचवाला (१२.०४)

या धाग्याचं सार्थक झालं.

तलावपाळी (१२.४५)

मोबाइलचं काय? हैदराबादला २०२१ मध्ये पोलीस रस्त्यात तरुणांचे फोन घेऊन चॅटमध्ये 'गांजा' शब्द शोधत होते, व्हिडिओ फिरला होता. माझ्या मुलाला उपवनजवळ असंच 'गॅलरी दाखव' म्हणाले. एकोणीस वर्षांचं पोर, दाखवली. पंचवीस फोटो मांजरीचे.

काळा_कोट (१.३०)

फोन म्हणजे डिकी नव्हे. नाक्यावर उभ्या उभ्या फोन उघडून दाखवायला सांगणारं कुठलंही कलम नाही. मुलाला सांगा, नम्रपणे 'कुठल्या गुन्ह्यासंबंधी हवाय?' एवढं विचारायचं.

आणि सगळ्यांसाठीच, व्यवहारातलं. अंगावर जायचं नाही, हात धरायचा नाही, डिकीवर बसायचं नाही. दंड संहितेचं जुनं ३५३ (सरकारी नोकराला कामापासून रोखायला हल्ला वा बळजबरी) आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय. नाव बदललं, धाक तोच. गाडीत बाई असेल आणि अंगझडतीची वेळ आली तर ती बाईनेच घ्यायची, हा आग्रह जरूर धरायचा. डिकीबाबत मी स्वतः काय करतो? विचारतो, "कशासंबंधी साहेब?" उत्तर पटलं तर उघडतो. नाही पटलं तर म्हणतो, "माझी संमती नाही, पण मी अडवत नाही." बहुतेक वेळा समोरचा वैतागून "जा" म्हणतो. पण मी वकील आहे आणि माझ्या काचेवर स्टिकर आहे, हेही खरं.

रात्रपाळी (१.४१)

शेवटचं वाक्य आवडलं. प्रामाणिक आहे.

खाकीतून_निवृत्त (संध्याकाळी ६.१०)

रात्रपाळी, तुमचा पहिला प्रतिसाद काल पुन्हा वाचला. आमच्या वेळीही असंच होतं. मोटारीला 'साहेब', बाईकला 'ए'. ट्रेनिंगला कुणी शिकवत नाही, बघून बघून येतं. बिर्याणीचं सील तोडायला सांगणं चूक आहे.

रात्रपाळी (रात्री १.५५)

थँक्यू काका. आत्ता सुटलो. आज कुणी थांबवलं नाही, पाऊस आहे.

कोपरीकर (गुरुवार, सकाळी ८.३०)

धागा वर काढतोय, कारण काल पुन्हा प्रसंग आला.

कोपरी पुलाच्या अलीकडे, रात्रीचे साडेदहा. या वेळी फौजदार होते, वयस्क. कागद बघितले. "डिकी." नुसता एक शब्द, मास्तर, व्याकरण शोधू नका. मी घसा खाकरून विचारलं, "कशासंबंधी साहेब?" ते म्हणाले, "चेन स्नॅचिंग झालंय, दोन पोरं सफेद गाडीतून गेलीत." आमची सफेद आहे. मी उघडली. पर्स तिथेच. त्यांनी हात घातला तसा मी म्हणालो, "ती माझी नाही, मालकीण पुढे बसलीय."

ते खिडकीशी गेले. "मॅडम, बघू का?"

बायको म्हणाली, "नको."

एवढंच. "नको." मी डिकीला टेकून उभा, पाय थोडे हलत होते. फौजदारांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डिकी लावली. "बरं." मग परत पुढे आले आणि म्हणाले, "पीयूसी दाखवा." लायसन्स, आरसी, विमा आधीच बघून झालेला. पीयूसीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी संपली होती. पाच मिनिटांत ई-चलानचा मेसेज.

काळा_कोट (८.४४)

नकाराची फी. पावतीसकट मिळाली हे नशीब.

एडिसनकर (८.५०)

अभिनंदन वहिनींचं. चिरकला नाही ना आवाज?

सानपाड्याची_सून (९.०२)

पण पर्समध्ये असं काय होतं ते कोपरीकरांनी दोन्हीदा सांगितलं नाही. पहिल्या पोस्टमध्ये 'रबरबँड लावलेली कागदांची चळत' होती. मी विसरलेले नाही.

कोपरीकर (९.१०)

खरं सांगू? मी विचारलेलं नाही.

पर्सवाली (सदस्यत्व : आज) (९.३८)

नमस्कार. धागा वाचला. सगळा.

लॉटरीची तिकिटं आहेत. राज्य लॉटरी, दर आठवड्याला एक, ठाणे स्टेशनबाहेरच्या गाळ्यावरून. आठ वर्षं झाली. घरी सांगितलं नव्हतं कारण सासूबाई जुगार म्हणतील आणि हे हिशोब मांडतील. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात ती चळत पेढ्यांच्या पुड्यावर ठेवली, तेव्हा पोलिसाने एकदा बघितलं आणि हसू दाबलं. त्याला कळलं. शेजारी उभ्या असलेल्याला कळलं नाही, कारण तो रस्त्याकडे बघत होता. मला राग त्याचा आला होता, पोलिसाचा नाही.

मास्तर, तुमचा 'जरा' पटला.

पामबीचवाला (९.४०)

वहिनी, लागलं का कधी काही?

पर्सवाली (९.५१)

एकदा ५०० रुपये. त्याची कुकरची रिंग आणि दोन गाळण्या आणल्या. यांना वाटलं आईने दिल्या.

कोपरीकर (९.५३)

मी आईला थँक्यू म्हणालो होतो.